तिघांतल्या एकाला

"हात दाखवा," मी म्हणाले. "दोघंही. आधी हात दाखवा."

गुणाजीने दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर धरले. रघुतात्यांनी सुकाणू मांडीने दाबून धरलं आणि आपले पंजे उलटसुलट करून दाखवले. मग मी माझे पाहिले. तिघांच्याही हातांवर रक्त होतं.

होडीच्या तळाशी, ओल्या जाळ्याच्या ढिगात, परातीएवढी वागळी, तो चपटा पंखांचा मासा, तोंड वासून पडली होती. तिच्या पोटाखालून निघालेलं जनावर जाळ्याच्या दोऱ्यांत अडकून वळवळत होतं. राखाडी पाठ, पांढरट पोट, वल्ह्यासारखी चपटी शेपटी आणि वरचा ओठ चोचीसारखा खाली वळलेला. मी चिमट्याने त्याचं डोकं दाबून धरलं होतं. उघड्या तोंडात रक्त होतं आणि खालच्या दातांना कातडीचा एक बारीक तुकडा लोंबत होता. माशाची कातडी तशी नसते.

"कोणाक चावला?" गुणाजीने विचारलं.

"तेच बघतेय."

"माका तर काय कळूक नाय."

"ते लगेच कळत नाही, गुणाजी. समुद्रातलं जनावर चावलं तर दुखत नाही, सूजही येत नाही. कळायला तासभर लागतो."

गुणाजीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगायचं तर माझ्याही पळालं होतं, पण मी मॅडम होते आणि मॅडमने घाबरायचं नसतं असा माझा तेव्हा समज होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी अजूनही हेच काम करते आणि अजूनही नवीन माणूस भेटला की विचारतो, साप मोजायला कशाला जाता? तेव्हाही कांदळबंदरात सगळे हेच विचारत. मी मूळची कराडची. पोहायला शिकले विहिरीत आणि समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. अशा मुलीला एका संस्थेने कोकणाच्या दक्षिण टोकाला पाठवलं, तेही समुद्रसापांचा नकाशा करायला. मासळीच्या जाळ्यात साप सापडतात. काही गुदमरून मरतात, उरलेले होडीवर ठेचले जातात. ते कुठल्या पट्ट्यात जास्त असतात, पिल्लं पोटात असलेल्या माद्या कुठे गोळा होतात, हे नकाशावर आलं तर त्या दिवसांत तेवढी जागा जाळ्यांनी सोडावी असं गावाशी बोलता येईल. साप वाचतील आणि मच्छीमारांचे हातही वाचतील. त्यासाठी जाळ्यातलं जनावर जिवंत काढायचं, पाण्याच्या पिंपात ठेवायचं, मापायचं, जागा टिपायची आणि परत सोडायचं.

हे मी मच्छीमार सोसायटीत उभं राहून समजावलं तेव्हा लोक पोट धरधरून हसले. "घाटावरचे संपले काय?" असंही कुणीतरी मागून विचारलं. हसला नाही तो एकच माणूस, रघुवीर मोंडकर. गाव त्यांना रघुतात्या म्हणे. उंच, हडकुळे, बोलायला फटकळ. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "माझ्या होडयेर ये. पण पाण्यार असताना साप म्हणूचा नाय. जनावर म्हणूचा." एवढी एकच अट. शिमगा होईपर्यंत मी त्यांच्या होडीवरून इतकी जनावरं मापली की गुणाजीसुद्धा शेपटीकडून माप धरायला शिकला होता. गुणाजी हा तात्यांचा खलाशी. पन्नाशीचा, गोलमटोल, आणि जन्मभर कुठलं ना कुठलं दुखणं अंगावर बाळगून असलेला.

त्या दिवशी जाळं जड लागलं. ओढता ओढता बराच उशीर झाला आणि बाकीच्या होड्या परत गेल्या. शेवटी वर आली ती ही वागळी, सगळ्या अंगाला जाळं गुंडाळून घेतलेली. दुसऱ्या कुणी तेवढा भाग कापून टाकला असता. पण तात्यांच्या घरात पाण्यावर असताना जाळ्याला सुरी लावत नाहीत. त्यांच्या बापाने लावली नव्हती आणि आज्यानेही. म्हणून आम्ही तिघं वाकलो आणि सहा हात त्या गुंत्यात घातले. माझे जाड हातमोजे मी बाजूला काढून ठेवले होते, कारण ते घालून दोरा सुटत नाही. जनावर वागळीखाली आहे हे आम्हाला कळलं ते ती उलटी पडल्यावर.

आता मी ते चिमट्याने उचलून पिंपात टाकलं, वर झाकण दाबलं आणि पुन्हा हातांकडे वळले. हातांवरून काही कळेना. मासेमाराचा हात म्हणजे शिंगाळा माशाच्या काट्यांचे टोचे, दोऱ्याचे काप, मिठाने उकललेली कातडी. त्यात सुईच्या टोकाएवढी खूण कुठून शोधायची? माझ्या मनगटाजवळ एक ओरखडा होता. तो दोऱ्याचा की दातांचा, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

प्रथमोपचाराच्या डब्यात ताणाची पट्टी एकच होती. बोटांपासून खांद्यापर्यंत ती घट्ट गुंडाळायची आणि हात लाकडासारखा निश्चल ठेवायचा, म्हणजे विष अंगात सावकाश पसरतं. या विषावर उतारा आपल्याकडे मिळत नाही हे मला ठाऊक होतं. हातात काय होतं ते एवढंच, वेळ लांबवायचा आणि दवाखाना गाठायचा.

"कोणाला बांधू?" मी विचारलं.

"गुण्याक बांध," तात्या म्हणाले.

"पण तुमच्या हातालाही..."

"माझे हात बारा म्हयने असेच. तेच्या आंगठ्यार बघ, दोन टोचे जवळ जवळ दिसतत."

खरंच होते. गुणाजीने ते पाहिले आणि तो मटकन खाली बसला. मी पट्टी बांधायला घेतली.

"आणि तू गो?" तात्यांनी मला विचारलं.

"मी ठीक आहे."

"नक्की?"

"नक्की म्हणजे... ठीक वाटतंय."

तात्यांनी मान हलवली आणि कमरेची सुरी काढली. अर्धं जाळं अजून पाण्यात होतं. ते ओढून घ्यायला आणखी बराच वेळ गेला असता. होडीच्या काठावर उभं राहून त्यांनी ते एका दमात कापून टाकलं. कापलेली कड पाण्यात सरकत गेली आणि दिसेनाशी झाली.

गुणाजी बघतच राहिला. "तात्यानू, जाळा कापलास?"

"मशीन चालू करतंय. आडवो पड."

"म्हणजे मी मरतलंय," गुणाजी म्हणाला आणि आडवा पडला.

बंदरापर्यंतची वाट तासाभराहून जास्त होती. वायव्येचा वारा सुटला होता आणि होडी लाटांवर आपटत होती. मी गुणाजीचा बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले आणि त्याला एकेक विचारू लागले.

"मान आखडलीय?"

"होय."

"पाय दुखतात?"

"दुखतत. पोटऱ्ये फुटतत."

"जीभ जड वाटतेय?"

"होय गे बाय, लय जड," तो अगदी स्पष्ट शब्दांत म्हणाला.

मी विचारायचं थांबवलं. ज्या माणसाला गावात कुणाला ताप आला की आपलंही अंग मोडून येतं, त्याला दुखण्यांची यादी वाचून दाखवण्यात काय अर्थ होता? पण विचारल्याशिवाय कळणार कसं? मधूनमधून मी माझी स्वतःची जीभ टाळूला लावून बघत होते. पायांना मुंग्या आल्यासारख्या वाटत होत्या. त्या बसून बसून आल्या की कशाने, ते कळेना. मला तेव्हा मनापासून वाटलं, की ते गुणाजीला असू दे. असं वाटल्याची लाज वाटली आणि तरी पुन्हा तेच वाटलं.

"मॅडम," गुणाजी म्हणाला, "माझ्या बायलेक सांगा, मी तिका उगीच बोललंय."

"काय बोललास?"

"काल. आमटीत मीठ नाय म्हणान."

"तू स्वतः सांगशील तिला."

"नाय, आता खंय..."

एरवी इतक्या रडगाण्यावर तात्यांनी मागून एक कचकचीत शिवी हासडली असती. ते काही बोलले नाहीत. मी मागे वळून पाहिलं. ते सुकाणूपाशी ताठ बसले होते, मान जराशी मागे टाकून, लांब किनाऱ्याकडे बघत. वाऱ्यात होडी हाकणारा तांडेल असाच बसतो. मी पुन्हा गुणाजीकडे वळले.

दीपगृहाच्या खडकाजवळ आलो तेव्हा फोनला रेंज आली. मी आधी रुग्णवाहिकेला फोन केला, मग तालुक्याच्या सरकारी डॉक्टरांना.

"कोणाला चावलंय?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे काय?"

"तिघांतल्या एकाला. कोणाला ते अजून कळलं नाही."

मग डॉक्टर म्हणाले, "श्वासाकडे लक्ष ठेवा. पापण्या बघा, पापण्या आधी पडतात. इथे न आणता सरळ गोव्याला न्यायची तयारी ठेवा. गाडी जेटीवर उभी राहील."

मी गुणाजीच्या पापण्या बघितल्या. भीतीने त्याचे डोळे इतके विस्फारले होते की पापण्या दिसतच नव्हत्या.

समोर खाडीचं तोंड आलं. कांदळबंदरच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूची पट्टी आहे. भरतीला तिच्यावरून कुठलीही होडी जाते. ओहोटीला, आणि त्यातून वारा असला, की लाटा तिच्यावर फुटतात आणि आत शिरायला एकच अरुंद वाट उरते. तीही दर महिन्याला सरकते. मोठी लाट पाठीमागून पुढे जाऊ द्यायची आणि तिच्या पाठीवर बसून आत घुसायचं. जरा लवकर गेलं तर होडी नाकावर आपटते, जरा उशीर झाला तर मागची लाट आडवी करते. कांदळबंदरात उलटलेल्या बहुतेक होड्या इथेच उलटल्या होत्या, घराच्या कौलांपासून हाकेच्या अंतरावर.

इथे पोचलं की तात्या दरवेळी ओरडत, "गुण्या, फुडे जा! बाय, धरून बस!" आज ओरडले नाहीत. होडीचा वेग तेवढा कमी झाला.

मी मागे पाहिलं. तात्यांची मान आता फारच मागे गेली होती, जणू त्यांना आभाळातलं काहीतरी दिसत होतं. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ज्याच्या पापण्या खाली येतात तो माणूस हनुवटी वर करतो. उरलेल्या फटीतून त्याला बघायचं असतं.

मी त्यांच्याजवळ सरकले. "तात्या, माझ्याकडे बघा."

पापण्या अर्ध्याच्याही खाली होत्या. मधल्या फटीतून बुबुळं माझ्याकडे वळली.

"तोंड उघडा."

जबडा उघडेना. दातांतून, ओठ न हलवता ते म्हणाले, "गप. फुडे बघ."

"काय झाला?" गुणाजीने पडल्या पडल्या विचारलं.

"तात्यांना चावलंय," मी म्हणाले.

गुणाजी उठून बसला. त्याने तात्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बांधलेल्या हाताकडे. आणि काही न बोलता तो दातांनी पट्टीची गाठ सोडायला लागला.

"आपण बाहेरच थांबू," मी म्हणाले. "भरती येऊ दे. नाहीतर कुणालातरी बोलावते, दुसरी होडी..."

"भरती सांजेक. तवसर ह्यो रवतलो काय?" गुणाजीच्या आवाजात आता रडं नव्हतं. "आणि दुसरी होडी भायर येतली कशी? तेकाय ह्याच तोंड."

"मग तू ने आत."

"मी? मी कधी ह्या तोंडात सुकाणू धरूक नाय. माका वाटच ठावक नाय. ती वाट एकट्या तात्याक ठावक."

तात्यांच्या घशातून आवाज आला. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"डोळे," ते म्हणाले. "उघड."

मला समजायला क्षणभर लागला. मग मी त्यांच्या पाठीमागे फळीवर चढले, दोन्ही गुडघ्यांत त्यांचे खांदे घट्ट धरले, त्यांचं डोकं माझ्या पोटाला टेकवलं आणि दोन अंगठ्यांनी त्यांच्या पापण्या वर उचलल्या. पापण्यांना अजिबात जोर नव्हता. अंगठ्याखाली बुबुळ डावीकडून उजवीकडे फिरलेलं मला जाणवलं. ते पाणी वाचत होते.

"गुणाजी, तू हात धर," मी ओरडले.

गुणाजी आला आणि त्याने तात्यांच्या हातावर आपला हात ठेवला. तात्यांच्या बोटांना सुकाणू ढकलायची ताकद उरली नव्हती. पण बोटं जिकडे कलायची तिकडे गुणाजी जोर लावायचा. एवढीच आमची तयारी होती. मी वर पाहिलं आणि कराडच्या उत्तरालक्ष्मीपासून ज्याला ज्याला नमस्कार करता येईल त्याला केला.

तात्यांना मागे बघता येत नव्हतं, मागे बघायचं काम माझं होतं. अंगठे जरा हलले की पापणी निसटायची, म्हणून फक्त मान वळवून मी बघत होते.

"मागून येतेय," मी म्हणाले. "मोठी आहे."

बोटं हलली नाहीत. गुणाजीचा हातही हलला नाही. लाटेने आम्हाला उचललं, खालून सरकली आणि पुढे जाऊन पट्टीवर धाडकन फुटली. सगळं पाणी पांढरं झालं.

"आणखी एक. हीसुद्धा मोठी."

पुन्हा तसंच. तात्यांच्या डोळ्यांत खारं पाणी उडालं. ते पुसायला मला हात नव्हता. डोळे लाल झाले, पाझरले, पण मिटता येत नव्हते. मिटायचे नाहीत यासाठीच तर मी तिथे होते.

"तात्या, मागून अजून एक. याच्याहून मोठी. तिच्यामागे... तिच्यामागे काही दिसत नाही. सपाट आहे."

"हं," असा आवाज आला.

ती लाट आली. होडीचा मागचा भाग इतका उचलला गेला की मी तात्यांच्या डोक्यावरून पुढे जाते की काय असं वाटलं. मग ती खालून निसटली, आणि त्याच क्षणी त्यांची बोटं कलली.

"मशीन!" मी किंचाळले. गुणाजीने दुसऱ्या हाताने वेग वाढवला.

आम्ही त्या लाटेच्या पाठीवरून धावत सुटलो. डावीकडे पाणी फुटत होतं, उजवीकडे फुटत होतं, मध्ये एक काळसर पट्टा होता. मधेच तात्यांची बोटं एकदम उजवीकडे गेली. समोर तर सरळ वाट दिसत होती. गुणाजी थबकला.

"फुडे मोकळा आसा तात्यानू!"

बोटं उजवीकडेच दाबत होती.

"ते सांगतात तसं कर!" मी म्हणाले.

त्याने जोर लावला. होडी वळली. खालून खर्रकन वाळू घासल्याचा आवाज आला आणि होडी जागच्या जागी थांबल्यासारखी झाली. मी मागे पाहिलं. ज्याला मी सपाट म्हटलं होतं तिथे आता एक नवी लाट उभी राहत होती. मी ते सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? लाट आली, काठावरून आत शिरली, वागळीला आणि जाळ्याला घेऊन पुढच्या टोकापर्यंत गेली. आणि तिनेच आम्हाला वाळूवरून उचलून पलीकडे टाकलं.

पलीकडे खाडीचं पाणी शांत होतं. किनाऱ्यावर कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी दिसत होती.

"इलो," गुणाजी म्हणाला. "आत इलो, तात्यानू."

तात्यांचा हात सुकाणूवरून घरंगळला. मी अंगठे काढले तशा पापण्या मिटल्या आणि त्या पुन्हा उघडल्या नाहीत. श्वास चालू होता, पण उथळ. तो वरच्या वर येऊन परत जात होता. गुणाजीने सोडून ठेवलेली पट्टी भिजून पायाशी पडली होती. ती मी तात्यांच्या हाताला बोटांपासून खांद्यापर्यंत गुंडाळली. गुंडाळताना त्यांच्या उजव्या हाताच्या करंगळीमागे, तळव्याच्या कडेला, मला ती जागा दिसली. तिथली कातडी नखाएवढी निघाली होती. हात उलटसुलट करून दाखवताना त्यांनी ती कड कशी झाकली असेल, हा विचार मी त्या वेळी केला नाही. शांत पाण्यात गुणाजीने होडी जेटीला लावली.

गोव्याच्या वाटेवर रुग्णवाहिकेत त्यांचा श्वास थांबला. सोबतचे डॉक्टर फुगा दाबत राहिले, आणि ते दमले की मी दाबत होते. हॉस्पिटलात नळी घातली, यंत्र लावलं. लघवी काळ्या चहासारखी येत होती, म्हणून रक्त धुवायचं दुसरं यंत्र लावलं. "स्नायू वितळतायत," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडं तगली तर माणूस तगेल." म्हणजे तगेल असं कुणीच म्हणालं नाही.

त्यांची बायको सुलभाकाकी दुसऱ्या गाडीने आली. मी बाकावर बसले होते. या बाईच्या नवऱ्याने माझ्या कामासाठी जनावर असलेल्या जाळ्यात हात घालायची सवय करून घेतली होती, आता तिच्याकडे बघायचं कसं? ती माझ्याशेजारी बसली. मग म्हणाली, "जेवलस?"

मी मानेनेच नाही म्हटलं. तिने डबा उघडला आणि आम्ही दोघींनी एकाच डब्यातून भात खाल्ला. त्या दिवसांत मी रोज ठरवत होते की हे काम आता पुरे. नकाशा गेला खड्ड्यात. एका माणसाच्या जिवाहून कुठलीही जागा महत्त्वाची नाही. तिथूनच मी संस्थेला फोन केला आणि तसं सांगून टाकलं.

पापण्या उघडल्या त्या अचानक. एका सकाळी काकी आत गेली तर तात्या छताकडे बघत होते. पुढे नळी निघाली, आणि बोलायला लागल्यावर पहिली शिवी त्यांनी हॉस्पिटलच्या पेजेला दिली. तेव्हा मला खात्री पटली की माणूस वाचला.

मी भेटायला गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. घसा खरवडल्यासारखा आवाज येत होता. काकी पायाशी होती.

"तात्या," मी म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"चावला तेवाच. करंगळयेक ओढ बसली."

"तेव्हाच? मग गुणाजीला का पट्टी बांधायला लावलीत? एकच होती ती."

"माझो हात बांधून तू लाकूड केलं असतंस. मगे सुकाणू कोणी धरलो असतो? गुण्यान?"

"निदान सांगायचं तरी."

"सांगलं असतंय तर तो थयच रडाक लागलो असतो, आणि तू तुझा पुस्तक उघडलं असतंस." त्यांना धाप लागली. जरा थांबून ते म्हणाले, "तांडेल गेलो असा कळला की होडी तोंडात शिरायच्या आधीच बुडता, बाय. तिगांनी मराचा काय एकट्यान?"

काकीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांचा हात हातात घेतला. एवढा राठ हात, आणि तो इतका हलका झाला होता.

"तात्या, मी काम बंद केलंय," मी म्हणाले. "संस्थेला कळवलं. आता कुणी जनावर जिवंत काढायचं नाही, कुणी मापायचं नाही. मी कराडला परत चाललेय."

त्यांनी माझ्या हातातून हात काढून घेतला.

"ता जनावर खंय गेला?" त्यांनी विचारलं.

"गुणाजीने सोडलं. जेटीवर लोक वल्ही घेऊन मारायला आले होते. तो पिंपावर बसून राहिला आणि संध्याकाळी भरतीला त्याने ते बाहेर नेऊन सोडलं."

"सोडूच्या आदी मापलंस?"

"नाही."

"मादी होती?"

"बघितलं नाही, तात्या. तेव्हा कुठे बघणार?"

"जागा? जागा तरी टिपलंस काय?"

"नाही."

ते उशीवरून उठायला लागले. काकीने "अहो, अहो" करत खांदा धरला, तो त्यांनी झटकला. एवढ्या ओळखीत तात्या माझ्यावर कधी चिडले नव्हते. आता त्यांचे डोळे टक्क उघडे होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं.

"मगे माका ता फुकटच चावला काय गो?"